सतराशे सव्वीसची वीट

१

वीट चोरीला गेली, असं कुणी फोनवर सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो. सुनेत्रा कर्णिकही हसली. मग पलीकडून वसुधाचा हुंदका ऐकू आला आणि तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"फायरप्लेसमधली? सतराशे सव्वीसची?"

"तीच. काल मी रिचमंडला भोंडल्याला गेले होते, तेवढ्यात कुणीतरी काढून नेली. तिच्या जागी साधी वीट बसवलीय. आज सकाळी दिव्यात तेल घालायला वाकले तेव्हा लक्षात आलं. सुनेत्रा, सोमवारी ती रस्त्याची माणसं येताहेत गं. त्यांना आता दाखवू काय?"

सुनेत्रा एडिसनला राहायची आणि जुन्या इमारतींना भेगा का पडतात ते शोधून काढायची. माणसं खोटं बोलतात, भिंती बोलत नाहीत, असं ती म्हणायची आणि वर्षानुवर्षं हा विनोद पुन्हा पुन्हा ऐकवायची. वसुधा मोहोळकर तिची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण. वसुधाचे यजमान डॉ. चंद्रशेखर व्हर्जिनियातल्या एका लहानशा गावात हाडांचे सर्जन होते. १९७९ साली या जोडप्यानं नदीकाठचं 'सिकॅमोर नेक' हे जुनं प्लँटेशन हाऊस घेतलं, तेव्हा ओळखीतल्या सगळ्या मराठी मंडळींनी कपाळाला हात लावला होता. बाकीचे लोक दोन गाड्यांच्या गराजची कोरी करकरीत घरं घेत होते, आणि यांनी छप्पर गळणारं घर घेतलं होतं.

आता सहा वर्षांनी त्या घरावरून नव्या हायवेची रेघ ओढली गेली होती. घर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरलं, तर रस्ता वळणार होता. नंतरचं ठरलं तर बुलडोझर. साल लिहिलेली एकच वस्तू त्या घरात होती, आणि ती म्हणजे फायरप्लेसच्या कोपऱ्यातली ती वीट.

"उद्या निघते," सुनेत्रा म्हणाली.

"आणि येताना ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानातून कुंकू आण गं. नवरात्रात संपलं म्हणू नये, पण डबी रिकामी आहे."

"आणते. काल घरात कोण होतं?"

वसुधा हळू आवाजात म्हणाली, "हे थांबणार होते. दिवा अखंड ठेवायचा, म्हणून मुद्दाम सुट्टी घेतली होती. पण मी गेल्यावर लगेच हॉस्पिटलमधून बोलावणं आलं म्हणतात. सुनेत्रा, तुला म्हणून सांगते. यांना हे घर नकोच आहे."

२

शनिवारी दुपारी सुनेत्राची गाडी झाडीतून बाहेर वळली आणि समोर घर दिसलं. चोरीबिरी सगळं विसरून ती क्षणभर बघतच राहिली.

सिनेमात असतात तसे पांढरे खांब या घराला नव्हते. ते थाट पुढच्या पिढ्यांचे. हे घर आधीचं होतं, बुटकं आणि रुंद, उभ्या उताराच्या छपराचं, दोन टोकांना दोन धिप्पाड धुराडी असलेलं. पण खरी श्रीमंती भिंतीत होती. एक वीट लांबीनं ठेवलेली, तिच्या शेजारची टोक बाहेर काढून. पुन्हा एक लांब, पुन्हा एक टोक. बाहेर आलेलं प्रत्येक टोक निळसर आणि चकचकीत. भट्टीत आगीच्या अगदी जवळ बसलेल्या विटेचं टोक वितळून असं काचेसारखं होतं. तशा विटा वेगळ्या निवडून बाहेरच्या भिंतीत मिरवायला लावत. दुपारच्या उन्हात ती लाल-निळी भिंत पैठणीसारखी दिसत होती.

ही माती याच शेतातली, चुना याच नदीतले शिंपले भाजून केलेला. आणि हात? ते गुलाम म्हणून इथं आणलेल्या माणसांचे. मालकाचं नाव कागदोपत्री राहिलं, भिंत ज्यांनी बांधली त्यांचं कुठंच नाही. इतकं सुंदर काम ज्यांच्याकडून सक्तीनं करून घेतलं, त्यांच्याबद्दल सुनेत्राला दर वेळी आदरही वाटायचा आणि संतापही यायचा.

दारापाशी ती थबकली. वसुधानं उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर बोटं ओढली होती. डावीकडे पिवळी, उजवीकडे पिवळी आणि लाल. व्हर्जिनियाच्या मळ्यात हळदीकुंकू पाहून तिला हसू आलं.

आत गेल्यावर तिनं आधी पर्समधली पुडी वसुधाच्या हातात ठेवली.

"बरं झालं. बुधवारपासून नुसत्या हळदीवर भागवतेय. आता उद्या दोन्ही लावीन."

फायरप्लेस एवढी मोठी होती, की माणूस वाकून सहज आत उभा राहील. वाऱ्याला आडोसा म्हणून वसुधानं तिथंच घट बसवले होते. मातीत गहू उगवले होते आणि शेजारी समई शांत तेवत होती. सुनेत्रा गुडघ्यावर बसली.

कोपऱ्यातली ती वीट तिनं पूर्वी पाहिली होती. ओल्या मातीत काडीनं कोरलेलं 1726 आणि त्याच्या शेजारी उमटलेली चार बोटं. आता तिथं कोरी वीट होती. कोपऱ्यातली असल्यानं तिची लांब बाजूही दिसत होती आणि टोकही. टोकाला काजळी फासलेली होती. सुनेत्रानं रुमाल ओला करून टोक पुसलं.

काजळीखालून निळी चकाकी निघाली.

"वसू, ही वीट बाहेरच्या भिंतीतली आहे. असल्या विटा मिरवायच्या. चुलीत कुणी वाया घालवत नसे."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरानं बाहेरून वीट आणली नाही. याच घराच्या भिंतीतून काढली. मग त्या भिंतीत आता भोक असायला हवं."

दोघींनी घराला फेरी मारली. भोक कुठंच नव्हतं. निळ्या टोकांच्या ओळीत मधून मधून फिकी टोकं मात्र बरीच होती. अडीचशे वर्षांत विटा किती वेळा बदलल्या असतील, याचा हिशेब कुणाकडे नव्हता.

रात्रीच्या जेवणाला डॉक्टर आले. येताना त्यांचं कपाळ चौकटीला आपटलं. उंच माणूस आणि बुटकी दारं, रोजचंच होतं ते.

"सुनेत्राबाई, वेलकम टु द म्युझियम," कपाळ चोळत ते म्हणाले. "काय सांगू यार, एक पाइप रिपेअर केला की दुसरा लीक होतो. माझे कलीग्ज वीकेंडला गोल्फ खेळतात, मी ऑटिस गवंड्याबरोबर चुना कालवतो."

"गुरुवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"वसुधा गेली आणि बीपर वाजला. लगेच निघालो."

"आणि दिवा?"

"ते दिवाबिवा माझ्या लक्षात राहत नाही. माझा विश्वासही नाही त्यावर."

वसुधा ताटाकडे बघत म्हणाली, "तरी मी आले तेव्हा तेवत होता. देवीनंच सांभाळला."

डॉक्टरांनी साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि एकदाही बायकोच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

३

रविवारी सकाळी सुनेत्रा ऑटिस गेन्सकडे गेली. मागच्या शेडजवळ तो थापी धूत बसला होता. पासष्टीचा, काळा, सडपातळ गवंडी. त्याचे पूर्वज याच मळ्यात गुलाम होते, आणि ही गोष्ट तो हवापाणी सांगावं तितक्या सहज सांगायचा.

"माझाच संशय येणार, हे मला शुक्रवारीच कळलं," तो म्हणाला. "चुना माझा, हत्यारं माझी."

"वीटही तुमचीच म्हणता येईल."

"म्हणता येईल. माझ्या आजोबांना लहानपणी कडेवर घेऊन त्या बोटांत बोटं ठेवायला लावली होती. मग माझ्या बापाला, मग मला. इथल्या मूळ मालकांच्या, ब्रँच कुटुंबाच्या घरात आम्हाला मागच्या दारानं यावं लागायचं, तरी धुराडं दुरुस्त करायला आलं की बोटं ठेवून जायची. ती वीट मी घरी नेऊन काय करू, मिस सुनेत्रा? तिची जागा इथं आहे, म्हणून तर तिला अर्थ आहे."

"गुरुवारी इथं होतात?"

"वारा होता. वाऱ्यात मी परांचीवर चढत नाही. शेड उघडी होती, पिंपात चुना होता. कुणीही घ्यावा."

तिनं त्याला फायरप्लेसजवळ आणलं. नव्या विटेभोवतीच्या चुन्यावर त्यानं अंगठा फिरवला आणि भुवया वर केल्या.

"चुना माझा आहे. हात माझा नाही. मी सांधा एका दाबात भरतो. हा बघा, बारीक बारीक दाबून भरलाय, पातळ पात्यानं. कुणाला तरी फार काळजी होती."

दुपारी मिसेस ऑगस्टा ब्रँच पेकन पाय नावाचा गोड पदार्थ घेऊन आल्या. मूळ मालकांच्या वंशातल्या, गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. पांढरे हातमोजे आणि ताठ मान.

"मी ती वीट मागितली होती, हे लपवत नाही," त्या म्हणाल्या. "मंडळात काचेची पेटीही करून ठेवलीय. बुधवारी इथंच जेवताना रस्त्याच्या कामाचे तज्ज्ञ मिस्टर हॅरिंग्टन म्हणाले, की घराचं काहीही होवो, वीट सोमवारी काढून सुरक्षित ठेवू. मी म्हटलं, माझी पेटी तयार आहे. मग मी ती चोरू कशाला? मला तर ती समारंभानं मिळणार होती."

"गुरुवारी आला होतात?"

"दुपारी आले होते. कुणी दार उघडलं नाही. खिडकीतून डोकावले तर तुमचा तो पितळी दिवा दिसला. ज्योत चांगली उंच होती. रिकाम्या घरात एवढी आग सोडून गेलात म्हणून मला काळजी वाटली."

मिसेस ब्रँच गेल्यावर सुनेत्रा समईजवळ बसली. वसुधा सकाळी तेल घालते ते दुपारपर्यंत पुरतं, पुन्हा दुपारी घालावं लागतं. दुपारी ज्योत उंच, म्हणजे कुणीतरी नुकतंच तेल घातलं होतं आणि वातही पुढे सरकवली होती. पूजेचं तिळाचं तेल कोठीत पिठाच्या डब्यामागे असायचं. ते ऑटिसला ठाऊक नव्हतं, मिसेस ब्रँचना तर नाहीच.

देवी तेल घालत नाही, सुनेत्रा मनाशी म्हणाली. आणि तिला एकदम वाईट वाटलं, कारण मग नाव एकच उरत होतं.

४

संध्याकाळी वसुधा तबक घेऊन दाराकडे निघाली. तबकात हळद होती आणि नव्या पुडीतलं कुंकूही. दोन दिवस चोरीच्या धसक्यानं तिनं उंबऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"तुला एक विचारू?" ती पायरीवर थांबून म्हणाली. "तुला काही कळलं असेल आणि ते यांच्याबद्दल असेल, तर मला आधी सांग. घर गेलं तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण यांनी ते मुद्दाम घालवलं असेल, तर पुढं एका छपराखाली राहायचं कसं?"

सुनेत्रानं नजर भिंतीकडे वळवली. डावीकडे पिवळी बोटं, उजवीकडे पिवळी आणि लाल.

"वसू, ही बोटं कधी ओढलीस?"

"शुक्रवारी सकाळी. मग आत गेले आणि वीट..."

"शुक्रवारी तुझ्याकडे कुंकू होतं?"

"कुठलं? बुधवारीच तर..."

वसुधा बोलता बोलता थांबली. दोघी त्या लाल डागाकडे पाहू लागल्या. तो चारही बाजूंनी एका फिक्या विटेच्या टोकाला धरून होता. विटेवर पिवळा, सांध्यावर लाल.

"मग हे लाल कसलं?" वसुधानं विचारलं.

"हात लावू नकोस," सुनेत्रा म्हणाली. तिच्या आवाजात आता हसू होतं. "आणि आज रात्री कुणाला एक शब्द बोलू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मला माहीत आहे, पण एक रात्र भिजव. उद्या सगळ्यांना कॉफी इथं, दारापाशी दे."

५

सोमवारी ऊन छान पडलं होतं. पायऱ्यांपाशी सगळे जमले होते. ऑटिस, मिसेस ब्रँच, हॉस्पिटलला न जाता मुद्दाम थांबलेले डॉक्टर आणि हातात नकाशाची गुंडाळी घेतलेले डेल हॅरिंग्टन. गृहस्थ सज्जन होते, पण पुराव्याशिवाय पाणीही न पिणारे.

"मिसेस मोहोळकर, मला खरंच वाईट वाटतं," ते म्हणाले. "घर सुंदर आहे. पण माझ्या मते ते १७९० च्या आसपासचं. सालाची वीट एखाद्या जुन्या पडक्या घरातून आणूनही बसवली असेल. बुधवारी मी ती नुसती लांबून पाहिली; आज तिच्या मूळ चुन्यात तपासता आली असती तर गोष्ट वेगळी होती. आता तर तीच नाही."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ही गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे सुनेत्रानं टिपलं.

"वीट आहे," ती म्हणाली. "घर सोडून ती गेलीच नाही. फायरप्लेसमध्ये जी वीट बसवली तिचं टोक निळं आहे, म्हणजे ती या बाहेरच्या भिंतीतली. ती काढल्यावर इथं खड्डा पडला, आणि तो भरायला चोराच्या हातात एकच वीट होती. टोक बाहेर ठेवून बसवली की कोरलेली बाजू आपोआप भिंतीत जाते. वर थोडी माती चोळली की झालं. कुणालाही दिसणार नाही."

"कुठं पण?" हॅरिंग्टननी विचारलं. "हजारो विटा आहेत."

"माझ्या मैत्रिणीनं दाखवलं. आमच्याकडे दाराला हळद आणि कुंकू लावतात. शुक्रवारी तिच्याकडे कुंकू नव्हतं, नुसती हळद होती. आमचं कुंकू बनतं कसं माहीत आहे? हळदीला चुना लावून. ओला, ताजा चुना लागला की हळद लाल होते. डावीकडे चुना जुना, हळद पिवळीच राहिली. इथं ती एका विटेभोवती लाल झाली."

सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. ऑटिस हळूच हसला.

"आता उरलं कोण," सुनेत्रा पुढं म्हणाली. "ज्यानं हे केलं त्याला चुना कालवता येतो. तो सांधा पातळ पात्यानं, टाके घालावे तसा भरतो. आणि काम करताना समईतलं तेल कमी झालेलं पाहून तो उठला, कोठीतलं तिळाचं तेल आणलं, दिव्यात घातलं, वात सारली. वीट चोरणाऱ्या माणसानं वसुधाचा दिवा विझू दिला नाही. डॉक्टर, तुमचा विश्वास नाही ना दिव्यावर?"

डॉक्टरांनी कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

"माझा नाही," ते म्हणाले. "हिचा आहे."

"अहो, का पण?" वसुधानं विचारलं.

"बुधवारी हे जेवताना म्हणाले, घराचं काहीही होवो, वीट काढून पेटीत ठेवू. मी ते ऐकलं आणि मला रात्रभर झोप नाही. म्हणजे घर पाडायचं आणि वीट वाचवली म्हणून टाळ्या पिटायच्या? मी ठरवलं, वीट हवी तर भिंत उभी ठेवा. भिंतीतच घातली तिला. म्हटलं, सोमवार गेला की सांगू. तुला आधी सांगितलं असतं, तर तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं."

"मला वाटलं, तुम्हाला हे घर नकोच आहे."

"रोज डोकं आपटतं, म्हणून शिव्या देतो. सहा वर्षं माझ्या हातानं चुना लावलाय या घराला, वसुधा. माझंच आहे ते." मग ते हॅरिंग्टनकडे वळले. "पण मूळ जागेवरून हलवली म्हणून तिची किंमत गेली, हे मला माहीत नव्हतं. मीच घालवलं घर."

ऑटिस छिन्नी घेऊन पुढं आला. "आधी काढू तर," तो म्हणाला.

ताजा चुना लगेच सुटला, पण वीट हलेना. डॉक्टरांनी ती पाचर मारून अशी ठोकून बसवली होती, की ऑटिसनं दोनदा मान हलवली. "हाड बसवल्यासारखी बसवलीय," तो म्हणाला. "शेजारची काढावी लागेल."

शेजारची वीट जुन्या, दगडासारख्या चुन्यात होती. हॅरिंग्टननी जवळ येऊन तो चुना भिंगातून पाहिला. शिंपल्यांचे पांढरे तुकडे, आणि कुठंही उकरल्याची खूण नाही. "याला कुणी हात लावलेला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. ऑटिसनं सावकाश सांधा कोरला आणि वीट अलगद बाहेर काढून उलटी केली.

तिच्या आतल्या बाजूला चार बोटं उमटली होती.

मग सालाची वीट निघाली. ऑटिसनं दोन्ही पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्टर खाली वाकले. थोड्या वेळानं त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

"हॅरिंग्टन, इकडे या. ही करंगळी बघा. दुसऱ्या पेरात मोडली होती आणि वाकडी जुळलीय. आता हिच्यावर बघा. तोच वाक, तीच लांबी. मी तीस वर्षं हाडं बघतोय. हा एकाच माणसाचा हात आहे."

हॅरिंग्टन बराच वेळ गुडघ्यावर बसून होते. एकदा या विटेकडे, एकदा त्या विटेकडे, एकदा भिंतीतल्या भोकाकडे. ज्या हातानं सतराशे सव्वीसची वीट थापली, त्याच हाताची वीट या भिंतीत पहिल्या दिवसापासून बसलेली होती. मग ते उठले आणि नकाशाची गुंडाळी त्यांनी काखेत घट्ट धरली.

"माझं चुकलं होतं," ते म्हणाले. "नदीच्या पलीकडून रस्ता जाऊ शकतो. मी तसं लिहीन."

मिसेस ब्रँचनी उजव्या हाताचा मोजा काढला. ऑटिसनं आपली चार बोटं त्या चार बोटांत ठेवली आणि मग बाजूला होऊन त्यांना जागा दिली. त्यांनी विटेवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं, जणू परवानगी न घेता शिवल्या होत्या.

"पेटी राहू दे रिकामी," त्या म्हणाल्या.

सुनेत्रा पायरीवर बसली आणि गार झालेली कॉफी प्याली. नाव माहीत नसलेल्या, करंगळी मोडलेल्या त्या माणसाला तिनं मनोमन नमस्कार केला. त्याच्यावर जबरदस्ती करणाऱ्यांचं इथं काही उरलं नव्हतं. त्याचं काम उभं होतं, आणि आता उभंच राहणार होतं.

दुपारी ऑटिसनं वीट पुन्हा फायरप्लेसच्या कोपऱ्यात बसवली. डॉक्टर थापी हातात घेऊन शेजारी उभे होते, पण त्यानं त्यांना सांध्याला हात लावू दिला नाही. वसुधानं चार बोटांच्या खाली हळदीचं एक बोट ओढलं. चुना ताजाच होता. हळद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू लाल झाली, आणि नव्या पुडीतलं कुंकू तबकात तसंच राहिलं.

मग तिनं कोठीतून तेलाची बाटली आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"उद्या दसरा, आजचा शेवटचा दिवस. तेल तुम्ही घाला," ती म्हणाली. "आणि या वेळी माझ्यासमोर."

डॉक्टर वाकले. फायरप्लेसच्या कमानीला त्यांचं डोकं आपटलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी घराला शिवी दिली नाही.